खाज एक, कारणं चार



पावसाळा लागला की आपल्या बडोद्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. विश्वामित्रीला किती पाणी आलं याची चर्चा सुरू होते, आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्याकडे रात्री दोन वाजता पलंगाखालून ‘खर्र खर्र’ आवाज सुरू होतो. पाय चाटणं, कान हलवणं, सोफ्याला अंग घासणं, पोटाखाली लाल चट्टे. मग सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो आणि खाली प्रश्न: “यावर कुठलं औषध चांगलं?”

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या बऱ्याच तरुण घरांत कुत्रे आले. बहुतेक लॅब्राडोर, पग, शित्झू, गोल्डन रिट्रीव्हर, आणि काही सोसायटीतून उचलून आणलेली देशी पिल्लं. त्यामुळे हा प्रश्न मलाही वरचेवर विचारला जातो. मी पशुवैद्य नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण माझ्या मावसभावाच्या कुत्र्यासाठी जवळजवळ वर्षभर या खाजेचा पाठपुरावा केला, डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले, वाचलं. त्यातून एक गोष्ट पक्की समजली, ती आज सांगतो. ‘कुठलं औषध?’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘कशामुळे?’ हा आहे. आणि त्याचं उत्तर एका दिवसात, एका इंजेक्शनने किंवा एका रक्ततपासणीने मिळत नाही. ते क्रमाने, एक-एक कारण बाद करत शोधावं लागतं, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाने साथ द्यावी लागते.

टाकी आणि चार नळ

आमच्या डॉक्टरबाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात चार नळ सुटलेले आहेत. टाकी भरून वाहायला लागली की कुत्रा खाजवतो. चारही नळांतून थोडं थोडं पाणी येत असलं तरी टाकी भरते. पण त्यांतले दोन-तीन बंद झाले, तर उरलेल्या एका नळाच्या थेंबथेंब पाण्याने ती सहसा वाहत नाही.

हे चार नळ म्हणजे: एक, अंगावरचे किडे, म्हणजे पिसवा, गोचीड आणि खरजेचे माइट. दोन, त्वचेवर वाढलेले जिवाणू आणि यीस्ट. तीन, खाण्यातली अ‍ॅलर्जी. आणि चार, हवेतली-घरातली अ‍ॅलर्जी, म्हणजे धुळीतले माइट, बुरशी, परागकण. या चौथ्या प्रकाराला डॉक्टर ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ म्हणतात. ही जन्मजात प्रवृत्ती असते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पग यांसारख्या जातींत जास्त दिसते आणि बहुतेक कुत्र्यांत वयाच्या पहिल्या तीन वर्षांत सुरू होते.

घोळ असा, की बाहेरून चारही सारखेच दिसतात. लाल कातडी, केस गळणं, वास, खाजवणं. शिवाय एका कुत्र्यात एकाच वेळी दोन-तीन कारणं असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणूनच शेजारच्यांच्या कुत्र्याला लागू पडलेलं औषध आपल्याकडे चालेलच असं नाही.

बंड्याची हकिकत

माझ्या मावसभावाचं घर दांडिया बाजारात. घरात तो, वहिनी, दोन मुलं, काका-काकू आणि पंच्याऐंशीच्या पुढच्या आजी. आणि बंड्या, चार वर्षांचा लॅब्राडोर. सलग तीन पावसाळे बंड्याची एकच कहाणी. जूनअखेर पाय चाटायला सुरुवात, जुलैत कान लाल आणि घाण वास, श्रावण लागेपर्यंत पोट काळंकुट्ट. मग एक इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी चमत्कार झाल्यासारखा आराम. महिन्या-दीड महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिसऱ्या वर्षी धाकट्या मुलीच्या हातावर पुरळ आलं आणि घरात बैठक बसली. काकांचं म्हणणं, “पादऱ्याजवळ आपल्या ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे सोडू या. मोकळी हवा मिळेल.” मोठा मुलगा रडत उठून गेला. आजी काहीच बोलल्या नाहीत, फक्त बंड्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. त्या बैठकीत मावसभावाने एवढंच मागून घेतलं की दिवाळीनंतरपर्यंत मुदत द्या, नीट कारण शोधू, मग ठरवू.

त्यातलं माझं काम हिशेब ठेवण्याचं. आमच्या धंद्यात एखादा बिघाड शोधायचा असेल तर साधा नियम असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही. पशुवैद्यकातही हाच मार्ग आहे. त्यांच्याकडे खाजेला शून्य ते दहा गुण द्यायची पद्धत आहे. शून्य म्हणजे निरोगी कुत्र्याइतकंच खाजवणं, दहा म्हणजे खाणं-झोप सोडून सतत खाजवणं. गुण रोज एकाच माणसाने द्यायचे, म्हणजे मोजमाप बदलत नाही. मी उत्साहाने मोबाइलवर शीट करून दिली होती. तीन दिवसांत सगळे विसरले. मग वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात पेनने आकडा लिहायला सुरुवात केली. दुधाचा हिशेब जिथे, तिथेच बंड्याचा. ते मात्र वर्षभर चाललं. पहिला आकडा होता ९.

पहिला नळ: पिसवा, गोचीड, खरूज

“आमच्याकडे पिसवा नाहीत, मी बघितलंय,” असं प्रत्येक जण म्हणतो. पण पिसवेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही पुष्कळ त्रास होतो, कारण अ‍ॅलर्जी पिसवेच्या लाळेची असते. कुत्रा चाटून-चावून पिसू गिळूनही टाकतो, म्हणून आपल्याला ती दिसत नाही. खूण अशी: शेपटीच्या बुडाशी, कमरेवर, मांड्यांच्या मागे खाज जास्त असेल तर आधी पिसवेवर संशय घ्यायचा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरातल्या एकूण पिसवांपैकी अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा अगदी थोड्या असतात. बाकी सगळा कारभार अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात चालू असतो. कोषातली पिसू कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकून राहते. म्हणून एकदा औषध लावलं आणि थांबलो, असं चालत नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी, डॉक्टर सांगतील तितके महिने औषध द्यावं लागतं. अंथरूण गरम पाण्यात धुणं, फटींतून व्हॅक्यूम फिरवणं हे सोबत. हल्ली तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर ही त्यांतली नावं. त्या पिसवा आणि गोचीड दोन्हींवर चालतात, आणि खरजेच्या माइटवरही डॉक्टर त्या वापरतात. ज्या कुत्र्याला कधी फिट आली असेल त्याला त्या देण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं.

खरूज ओळखायची खूण वेगळी: कानाच्या कडा, कोपरं आणि टाचा. कानाची कडा खरवडली की मागचा पाय आपोआप हलायला लागतो. आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल तर खरजेचा विचार आधी करावा लागतो. मुलीच्या पुरळामुळे डॉक्टरबाईंनी बंड्याची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही सापडलं नाही, पण खरजेचे माइट तपासणीत हुलकावणी देतात, म्हणून त्यावरचं औषध तरीही पूर्ण दिलं. मुलीचं पुरळ घामोळं निघालं.

सहा आठवड्यांनी कालनिर्णयावरचा आकडा: ७.

दुसरा नळ: वास येतोय म्हणजे पाहुणे आलेत

खाजवून कातडी सोलवटली की तिथे जिवाणू आणि यीस्ट यांचं फावतं. हे दोघे निरोगी कुत्र्याच्या अंगावरही राहतात, पण ओलसर, सुजलेल्या कातडीवर त्यांची संख्या अफाट वाढते. मग पुरळ, पू, तेलकटपणा, आंबूस वास. आणि खाज दुप्पट. बऱ्याचदा अ‍ॅलर्जीचं औषध ‘लागू पडत नाही’ त्याचं कारण हेच असतं.

यासाठी महागडी तपासणी लागत नाही. कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, तिला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. दहा-पंधरा मिनिटांत जिवाणू आहेत की यीस्ट, की दोन्ही, ते दिसतं. कानातल्या मळाचंही तसंच. डॉक्टरांना “सायटॉलॉजी करता येईल का?” एवढं विचारायला अजिबात संकोच करू नका. उरलेलं अँटिबायोटिक घरात होतं म्हणून दिलं, असं मात्र कधीही नको. माणसांप्रमाणेच कुत्र्यांतही औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढत आहेत, आणि ते आपल्याच घरात राहतात.

हल्ली डॉक्टर शक्य तिथे पोटात अँटिबायोटिक देण्याआधी क्लोरहेक्सिडीन असलेल्या शाम्पूवर भर देतात. त्यातली मेख म्हणजे वेळ. फेस करून दहा मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. दहा मिनिटं ओला लॅब्राडोर न्हाणीघरात थांबवणं ही वेगळीच कला आहे. बंड्याच्या घरी मोठा मुलगा मोबाइलवर टायमर लावून त्याला गोष्टी सांगायचा. नंतर बोटांच्या बेचक्या आणि काखा कोरड्या करणं तितकंच गरजेचं. बडोद्याच्या जुलैतल्या दमट हवेत ओली बेचकी म्हणजे यीस्टला आमंत्रण.

आठवड्यातून दोनदा अंघोळ, कानांचं औषध, तीन आठवडे. आकडा: ५.

तिसरा नळ: आजींची पोळी

आता खरी परीक्षा. कुत्र्यांतल्या खाण्याच्या अ‍ॅलर्जीच्या प्रकाशित नोंदी तपासल्या तर वरच्या क्रमांकावर बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू ही नावं येतात. आपल्याकडे बीफचा प्रश्न सहसा येत नाही, पण उरलेली तिन्ही नावं बघा. दूध-पोळी म्हणजे दोन संशयित एकाच वाडग्यात! आणि बाजारातलं कोरडं खाणं बहुधा चिकनचं.

“मग रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करू या की,” असं वाटणं साहजिक आहे. पण खाण्याची अ‍ॅलर्जी ओळखायला रक्त, लाळ किंवा केसांची तपासणी भरवशाची नाही. एकच खात्रीचा मार्ग आहे: पथ्याची चाचणी. कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं प्रथिन, किंवा डॉक्टरांकडे मिळणारं ‘हायड्रोलाइज्ड’ खाणं द्यायचं. या खाण्यातल्या प्रथिनांचे तुकडे इतके बारीक केलेले असतात की शरीराची संरक्षणयंत्रणा ते सहसा ओळखत नाही. हे आणि फक्त हेच, पूर्ण आठ आठवडे. पाच आठवड्यांत बऱ्याच कुत्र्यांत फरक दिसतो, पण आठ आठवडे थांबलं तर अ‍ॅलर्जी असलेल्या दहांपैकी नऊहून अधिक कुत्र्यांत तो कळून येतो.

‘फक्त हेच’ या दोन शब्दांत सगळं आलं. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, दुधाचं पातेलं चाटणं नाही. चवदार जंतांच्या गोळ्या आणि कुत्र्यांची टूथपेस्ट यांतही मांसाचा स्वाद असतो, तेही डॉक्टरांना विचारून बदलायचं. एकत्र कुटुंबात हे किती अवघड आहे ते सांगायला नको. तिसऱ्या आठवड्यात कळलं की काका रोज सकाळी चहाबरोबर अर्धं मारी बिस्किट बंड्याला देत होते. “अर्ध्याने काय होतंय?” असं काकांचं म्हणणं. अ‍ॅलर्जीत अर्ध्यानेही होतं. चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आजींचं दुःख वेगळं होतं. त्या रोज शेवटची पोळी बंड्यासाठी लाटायच्या. “अरे, तू इंजिनिअर ना? मुक्या जनावराच्या पोळीत कशाला डोकं घालतोस?” असं मला सुनावून झालं. मग वहिनींनी तोडगा काढला. बंड्याच्या पथ्याच्या खाण्यातले पंचवीस दाणे सकाळीच एका वाटीत काढून आजींजवळ ठेवायचे. लाड आजींनीच करायचे, पण त्या वाटीतून. हा उपाय कुठल्याही पुस्तकात नसेल, पण ती चाचणी पार पडली ती त्या वाटीमुळे.

आठ आठवड्यांनंतर आकडा काय? पुन्हा ५. काहीच फरक नाही!

सगळे हिरमुसले. पण नीट पार पडलेल्या चाचणीत फरक न पडणं हेही उत्तरच आहे. बंड्याला खाण्याची अ‍ॅलर्जी नव्हती. पोळी निर्दोष सुटली. आजी त्या दिवशी कोर्टात केस जिंकल्यासारख्या खुशीत होत्या.

फरक पडला असता तर पुढची पायरी होती: जुनं खाणं पुन्हा सुरू करून पाहणं. खाज परत आली, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आत येते, तरच निदान पक्कं. पुष्कळ घरं इथे थांबतात. “बरं वाटतंय ना, मग कशाला?” पण तेवढ्यात ऋतू बदललेला असतो, पिसवा गेलेल्या असतात. उलट तपासणी केली नाही तर कुत्रा कारण नसताना आयुष्यभर पथ्यावर राहतो.

चौथा नळ: जो पूर्ण बंद होत नाही

तीन कारणं बाद झाली, उरलेल्या खुणा जुळल्या: पुढचे पंजे, काखा, पोट, कानाच्या पाळ्या, त्रास लहान वयात सुरू झालेला आणि पावसाळ्यात वाढणारा. निदान झालं अ‍ॅटोपिक डर्मटायटिस. हे निदान असं बाद करत-करतच होतं, त्याची थेट तपासणी नसते. रक्ताची किंवा कातडीवरची अ‍ॅलर्जी टेस्ट इथे उपयोगी आहे, पण पुढे अ‍ॅलर्जीची लस द्यायची असेल तर तिच्यात काय घालायचं ते ठरवण्यापुरती.

यावर कायमचा इलाज नाही, ताबा आहे. मधुमेह किंवा दम्यासारखं. एकदा हे मान्य केलं की घरातली चिडचिड निम्मी होते. औषधं कुठली, ते थोडक्यात:

स्टेरॉइड, उदाहरणार्थ प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. स्वस्त, झटपट, आणि अचानक भडका उडाल्यावर थोड्या दिवसांसाठी योग्यच. पण तहान, लघवी, भूक वाढते. फार काळ दिल्यास स्नायू झिजतात, संसर्ग वाढतात, मधुमेहाचा धोका असतो. बरेच दिवस चालू असलेली गोळी अचानक बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी कमी करत न्यायची. महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनची अडचण ही की त्रास झाला तर ते अंगातून परत काढून घेता येत नाही. म्हणून खाजेच्या उपचारात त्यापेक्षा गोळ्या बऱ्या मानतात.

ऑक्लासिटिनिब. ही गोळी अमेरिकेत २०१३ साली मान्य झाली, आपल्याकडेही मिळते. खाज सुटते तेव्हा शरीरात इंटरल्यूकिन-३१ नावाचा एक रेणू मज्जातंतूंना ‘खाजव’ असा निरोप देत असतो. ही गोळी तो निरोप मधेच अडवते. एका दिवसात आराम दिसतो. एक वर्षाच्या आतल्या कुत्र्यांना आणि गंभीर संसर्ग असताना ती देत नाहीत. लोकिवेटमॅब नावाचं इंजेक्शन याच रेणूला थेट निकामी करतं, ते साधारण महिन्याला एक असतं.

सायक्लोस्पोरिन. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे धीर हवा.

अ‍ॅलर्जीची लस, म्हणजे इम्युनोथेरपी. ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच अगदी थोड्या प्रमाणात देऊन शरीराला सवय लावायची. साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश कुत्र्यांना फायदा होतो, पण वर्षभर वाट पाहायची तयारी लागते.

आणि सेटिरिझिन? ती आपल्या घरातल्या डब्यात असतेच. पण कुत्र्यांच्या या आजारात हिस्टामिनचा वाटा तुलनेने कमी, त्यामुळे ती फारशी कामाला येत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. तेव्हा आपला औषधांचा डबा त्यांच्यापासून लांबच बरा.

औषधाशिवायचं काम म्हणजे चौथ्या नळाचं पाणी कमी करणं. फिरून आल्यावर पंजे पाण्याने धुऊन कोरडे करणं. आठवड्याला अंघोळ. बंड्याचं अंथरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुणं, कारण धुळीतले माइट त्याने मरतात. कातडीला ओलावा देणारा लोशन किंवा स्प्रे. पिसवांचं औषध बारा महिने चालू. आज बंड्या उन्हाळ्यात जवळपास गोळीशिवाय राहतो, आणि जून ते सप्टेंबर डॉक्टर सांगतील तशी गोळी घेतो. कालनिर्णयावर २ किंवा ३ असतं. शून्य कधीच नाही. पण बंड्या रात्रभर झोपतो, आणि घरही.

हे मात्र नको

आपल्याकडे प्रत्येकाकडे एक रामबाण असतो. त्यांतले काही धोकादायक आहेत.

रॉकेल किंवा गॅरेजमधलं जळकं ऑइल चोळणं: कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो म्हणजे विष पोटात जातं. टी-ट्री ऑइलही तसंच, कुत्र्याला विषारी. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणं: कॉलीसारख्या काही जातींत आनुवंशिक दोषामुळे ते जिवावर बेतू शकतं. कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन घरात मांजर असताना वापरणं: मांजराला ते जीवघेणं आहे. केमिस्टकडून मिळणारं, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक असं तिन्ही एकत्र असलेलं माणसांचं मलम: तात्पुरतं बरं वाटतं, पण निदान बिघडतं आणि ते चाटलं जातं. आणि आपला अंगाचा साबण: माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी, कुत्र्याची साधारण उदासीन आणि जास्त पातळ. तो साबण त्यांच्यासाठी नाही.

“आपल्याला लागेल का?”

दांडिया बाजारातल्या बैठकीचं मूळ या प्रश्नात होतं, आणि अशा बैठका इतर घरांतही होतात. घरात बाळ येणार असतं, आजी-आजोबा असतात, काळजी खरीच असते. तर सरळ उत्तर असं: अ‍ॅलर्जी माणसाला लागत नाही. पिसू चावते, खरूज आणि गजकर्ण माणसाला होऊ शकतात, पण दोन्हींची तपासणी आणि उपचार आहेत. म्हणजे ‘लागेल का’ याचं उत्तरही निदानावरच अवलंबून आहे. निदानाआधी कुत्रा घराबाहेर काढला तर ना त्याची खाज कळते, ना आपल्या पुरळाचं कारण.

आणि ‘शेतावर सोडणं’ ऐकायला छान वाटतं. घरात वाढलेल्या, औषध लागणाऱ्या कुत्र्याला तिथे गोळी कोण देणार, दहा मिनिटांची अंघोळ कोण घालणार? पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हाही आहे. खरंच सांभाळणं शक्य नसेल, तर आजाराची पूर्ण माहिती देऊन, तयारी असलेलं दुसरं घर शोधणं हा प्रामाणिक मार्ग.

खर्चाचं म्हणाल, तर नवीन औषधं स्वस्त नाहीत, विशेषतः तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याला. डॉक्टरांना आपलं बजेट मोकळेपणाने सांगा. शाम्पू, पिसवांचं औषध आणि मोजकी स्टेरॉइड यांवरही पुष्कळ कुत्रे ठीक राहतात. गुंतागुंतीची केस असेल तर आपल्याला आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, इंदूरच्या मंडळींना महूचं.

डॉक्टरांकडे जाताना या पाच गोष्टी कागदावर लिहून न्या. निम्मं निदान तिथेच होतं:

१. खाज कितव्या वर्षी, कुठल्या महिन्यात सुरू झाली?
२. पुरळ आधी दिसलं की खाज आधी?
३. अंगावर नेमकी कुठे? (फोटो काढून ठेवा.)
४. तोंडात काय काय जातं, कोण कोण देतं? (काकांसकट!)
५. आधी कुठलं औषध, किती दिवस, आणि बंद केल्यावर किती दिवसांनी त्रास परतला?

आणि आजपासूनच कालनिर्णयाच्या चौकोनात एक आकडा लिहायला लागा. महिनाभराचे आकडे हातात असले की डॉक्टरांशी बोलणं किती सोपं होतं ते अनुभवाल.

काकांनी शेताचा विषय नंतर काढला नाही. हल्ली सकाळच्या फिरण्यानंतर बंड्याचे पंजे तेच पुसतात, आणि अर्धं मारी बिस्किट पुन्हा सुरू झालंय. आता ते चालतं.

पुढच्या महिन्यात भेटू. तोपर्यंत तुमच्या घरच्या चार पायांच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा, आणि हो, बेचक्या कोरड्या ठेवा!